हायब्रिड मोटारीची छोटी बॅटरी : दुखणे नेमके ओळखावे कसे?

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन शक्तींवर चालणारी हायब्रिड मोटार भारतीय रस्त्यांवर आता नवी राहिलेली नाही. होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड भारतात आणली. २०१० मध्ये टोयोटाची प्रियस दाखल झाली. २०१३ पासून कॅम्री हायब्रिडची जुळणी बंगळूरजवळच्या बिडदी येथे होऊ लागली आणि २०१६ मध्ये अ‍ॅकॉर्ड हायब्रिड आली. या पिढीतील मोटारींचे वय आता दहा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून अधिक झाले आहे. वापरलेल्या मोटारींच्या बाजारातून त्या घेणाऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाच्या मनात एकच धास्ती असते, ती म्हणजे 'बॅटरी गेली तर?'

ही धास्ती अनाठायी नाही. तथापि, हायब्रिड मोटारीत बॅटऱ्या दोन असतात आणि त्यांपैकी नेमकी कोणती गेली, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मोठी, उच्च दाबाची बॅटरी बदलण्याचा खर्च लाखांच्या घरात जाऊ शकतो; छोटी, बारा व्होल्टची साहाय्यक बॅटरी काही हजारांत बदलता येते. अडचण अशी, की छोटी बॅटरी थकली म्हणजे ती जी लक्षणे दाखवते, ती पाहून मोठी बॅटरी किंवा संपूर्ण हायब्रिड यंत्रणाच निकामी झाल्याचा समज सहज होतो. म्हणूनच काही हजारांचे काम लाखांवर जाऊ द्यायचे नसेल, तर तपासणीची सुरुवात छोट्या बॅटरीपासून करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

छत्रपती संभाजीनगरच्या वाहनधारकांसाठी हा विषय विशेष जिव्हाळ्याचा आहे. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा आणि शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना असलेल्या या शहराला वाहन उद्योगाची जुनी ओळख आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटरने महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा, हायब्रिड व विजेवरील मोटारींचा हा कारखाना बिडकीन येथील 'ऑरिक' औद्योगिक नगरीत उभारण्याचे त्या वेळी जाहीर झाले. नव्या मोटारी येथे तयार होतील तेव्हा होतील. जुन्या हायब्रिड मोटारींची निगा मात्र आजच राखावी लागणार आहे. त्यातच मराठवाड्याचा उन्हाळा हा बॅटरीचा मोठा वैरी आहे.

दोन बॅटऱ्या, दोन कामे

मोठी बॅटरी चाके फिरवणाऱ्या विद्युत मोटरला वीज पुरवते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये या बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट, २०१३ च्या कॅम्रीमध्ये २४४.८ व्होल्ट, तर सिव्हिक हायब्रिडमध्ये १५८.४ व्होल्ट असतो. या तिन्ही बॅटऱ्या निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या आहेत.

छोटी बॅटरी मात्र आपल्या ओळखीची, शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये या बॅटरीचा शोध लावला. मूळ तत्त्व आजही तेच आहे. सहा कप्पे म्हणजेच सहा सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे बारा व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. प्रियस व कॅम्रीमध्ये ही बॅटरी डिकीत, तर सिव्हिक हायब्रिडमध्ये बॉनेटखाली असते.

या छोट्या बॅटरीचे काम दरवाजे, दिवे, घड्याळ, किल्लीची यंत्रणा आणि मोटारीतील सर्व संगणक जागे करण्याचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोठ्या बॅटरीला मोटारीशी जोडणारे रिले याच बॅटरीच्या विजेवर बंद होतात. मोटार थांबलेली असताना सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी पूर्णपणे तोडलेली असते. छोटीने दार उघडल्याशिवाय मोठीला बाहेर येता येत नाही, असे म्हणता येईल. एकदा का डॅशबोर्डवर 'रेडी' हा शब्द उजळला, की डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा भाग मोठ्या बॅटरीची वीज कमी दाबावर आणून छोटीला चार्ज करू लागतो. साध्या मोटारीतील अल्टरनेटरचे काम येथे हा कन्व्हर्टर करतो.

लक्षणे फसवी का असतात?

साध्या मोटारीची बॅटरी उतरू लागली, की ती आधी सूचना देते. सकाळी स्टार्टर रेंगाळतो, इंजिन जड फिरते, 'कट् कट्' असा आवाज येतो. अनुभवी मिस्त्री तो आवाज ऐकूनच निदान करतो. टोयोटाच्या हायब्रिड मोटारींत बारा व्होल्टचा स्टार्टरच नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवरील मोटर करते. त्यामुळे छोटी बॅटरी अर्धमेली झाली तरी रिले बंद होण्यापुरती वीज तिच्यात असेपर्यंत मोटार नेहमीसारखी सुरू होते आणि एके दिवशी अचानक होत नाही. (सिव्हिक हायब्रिडमध्ये राखीव म्हणून साधा स्टार्टर असतो, परंतु एरवी तिचेही इंजिन मोठ्या बॅटरीवरच सुरू होते.)

धक्का मारून मोटार सुरू करण्याचा आपल्याकडील हुकमी उपायही टोयोटाच्या या मोटारींना लागू पडत नाही. त्यांचे गिअर आणि क्लच यांची रचनाच वेगळी आहे. चार जणांनी कितीही ढकलले तरी संगणक जागे झाल्याखेरीज इंजिन फिरणार नाही.

छोटी बॅटरी थकत चालल्याची चिन्हे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात :

* बटण दाबल्यावर डॅशबोर्ड उजळतो, पण 'रेडी' येत नाही. किंवा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात येते.
* ब्रेक, स्टिअरिंग, एबीएस, हायब्रिड यंत्रणा असे परस्परांशी संबंध नसलेले इशारे एकाच वेळी लागतात.
* जवळ किल्ली असूनही दरवाजे उघडत नाहीत किंवा उशिरा प्रतिसाद देतात. किल्लीतील सेल नवा असतानाही हे घडते.
* घड्याळ, ट्रिप मीटर, रेडिओची केंद्रे वारंवार मूळपदावर जातात.
* आतला दिवा मंद लागतो, डॅशबोर्ड लुकलुकतो, कुठेतरी रिलेची टिकटिक ऐकू येते.
* मोटार तीन-चार दिवस उभी राहिली तर अडते, रोज चालवली तर अडत नाही.

यांतील दुसरे लक्षण सर्वाधिक घोटाळा करणारे आहे. बारा व्होल्टचा दाब घसरला, की मोटारीतील निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलणे थांबवतात आणि प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो. स्कॅनर लावल्यावर कोडची लांबलचक यादी निघते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी यादीची लांबी पाहू नये, कोडचे स्वरूप पाहावे. 'यू' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारे कोड संगणकांमधील संपर्क तुटल्याचे सांगतात; टोयोटाच्या ब्रेक यंत्रणेतील 'सी १२४१' हा कोड पुरवठ्याच्या दाबातील बिघाडाकडे बोट दाखवतो. या दोहोंची गर्दी असेल तर आधी छोटी बॅटरी तपासावी. याउलट 'पी ०ए८०' हा कोड मोठी बॅटरी कमकुवत झाल्याचे सुचवतो. तोदेखील छोटी बॅटरी पूर्ण चार्ज करून, कोड पुसून आणि मोटार चालवून पुन्हा आला, तरच गांभीर्याने घ्यावा.

तपासणीचे चार टप्पे

निदानासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे कोणत्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळणारा डिजिटल मल्टिमीटर. टप्प्यांचा क्रम मात्र सोडू नये, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा अर्थ ठरवतो.

पहिला टप्पा : विश्रांतीचा दाब. मोटार किमान पाच-सहा तास, शक्यतो रात्रभर बंद असावी. नुकत्याच थांबवलेल्या मोटारीत बॅटरीवर चार्जिंगचा वरवरचा दाब शिल्लक असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. उलट बाजूने, डिकी किंवा दार उघडताच संगणक जागे होतात आणि आकडा थोडा खाली येतो. म्हणून झाकण उघडल्यावर दिवे मालवून काही मिनिटे थांबावे, किल्ली मोटारीपासून दूर ठेवावी आणि मगच मीटर लावावा. आकड्यांचा अर्थ ढोबळमानाने असा :

* १२.६ व्होल्ट किंवा अधिक : पूर्ण चार्ज
* १२.४ व्होल्ट : सुमारे तीन-चतुर्थांश
* १२.२ व्होल्ट : सुमारे निम्मी
* १२.० व्होल्ट : सुमारे एक-चतुर्थांश
* ११.८ व्होल्टच्या खाली : उतरलेली

डिकीतील बॅटऱ्या बहुधा 'एजीएम' प्रकारच्या, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून घेतलेल्या, सीलबंद असतात. भरलेली चांगली एजीएम बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपासही दाखवते. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ व्होल्टच्या जवळपास अडून बसला, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाल्याची दाट शक्यता असते. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा : भाराखालील दाब. विश्रांतीचा दाब बॅटरी किती भरली आहे हे सांगतो. ती किती धडधाकट आहे हे सांगत नाही. पाण्याच्या टाकीत गाळ साचला तर पातळी पूर्ण दिसते, पण पाणी थोडेच निघते. जुन्या बॅटरीचेही तसेच असते. म्हणून आधी ती चार्जरने पूर्ण भरावी, काही तास विश्रांती द्यावी आणि मग भार टाकावा. प्रियससारख्या बटणाच्या मोटारीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबले, की 'रेडी' न होता सारी विद्युत यंत्रणा चालू होते. हेडलाइट लावून एक-दोन मिनिटे मीटरकडे पाहावे. सुदृढ बॅटरी साधारण १२ व्होल्टच्या आसपास स्थिरावते. पाहता पाहता ११.५ च्या खाली घसरणारी बॅटरी थकलेली समजावी.

बॅटरीच्या दुकानात याहून अचूक चाचणी करणारे कंडक्टन्स टेस्टर असतात. त्यात बॅटरीचा प्रकार एजीएम असल्याची आणि तिच्यावर छापलेल्या क्षमतेची नोंद नीट करायला सांगावे. ट्रॅक्टर किंवा डिझेल मोटारीच्या मोठ्या बॅटरीचे निकष या लहान बॅटरीला लावले, तर चांगली बॅटरीही नापास ठरते.

तिसरा टप्पा : चार्जिंग. आता मोटार 'रेडी' करून बॅटरीवरचा दाब मोजावा. तो साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावा. असा असेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतो आहे आणि संशय बॅटरीवरच राहतो. 'रेडी' असूनही दाब साडेबाराच्या आसपास किंवा त्याखाली राहिला, तर दोष बॅटरीत नसून कन्व्हर्टर, मुख्य फ्यूज किंवा केबलमध्ये असू शकतो. अशा स्थितीत नवी बॅटरी बसवली तरी तीही लवकरच उतरेल. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली नाही ना, पकड सैल नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. निम्मे 'बिघाड' तेथेच सापडावेत, इतके हे साधे कारण आहे.

चौथा टप्पा : गळती. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, तरीही मोटार उभी राहिली की उतरते, असे झाल्यास वीज कोठेतरी झिरपते आहे. बंद मोटारीतही संगणक आणि किल्लीची यंत्रणा थोडी वीज घेतच असतात. ती साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असावी. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. डिकीतील ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक रिकामी होते, आणि ती जुनी असेल तर त्याहून लवकर. मागाहून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा म्युझिक सिस्टीम आणखी पाव अँपिअर घेत असेल, तर तीन दिवसांतच निम्मी बॅटरी संपते. गळती मोजण्यासाठी डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा. दरवाजे लावल्यानंतर सारे संगणक निद्रिस्त व्हायला अर्धा तासही लागू शकतो. तोपर्यंतचा आकडा ग्राह्य धरू नये. नंतर एकेक जोडणी काढून पाहिली, की चोर सापडतो.

ऊन मारते, थंडीत कळते

बॅटरी थंडीत बंद पडते म्हणून थंडीला दोष दिला जातो. प्रत्यक्षात तिचे आयुष्य उन्हाळा खातो. तापमान वाढले की आतील रासायनिक क्रियांबरोबर झीजही वेगाने होते. तापमानात दर दहा अंशांची वाढ शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर आणते, असा तंत्रज्ञांचा ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभ्या मोटारीची बंद डिकी किती तापत असेल, याची कल्पना करावी. उन्हाळ्याने पोखरलेली बॅटरी डिसेंबरच्या एखाद्या गार पहाटे मान टाकते.

दुसरा शत्रू म्हणजे अर्धवट चार्ज. बॅटरी दीर्घकाळ अर्धी रिकामी राहिली, की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मोटारींनी हा धडा असंख्य मालकांना दिला. मोटार वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तासभर 'रेडी' स्थितीत ठेवावी किंवा चालवावी. मात्र बंद गॅरेजमध्ये असे करू नये, कारण इंजिन मध्येच आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो. 'रेडी' न करता नुसते गाणी ऐकत बसणे हे छोटी बॅटरी उतरवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वाटेत अडल्यास

कन्नडच्या घाटात किंवा धुळे-सोलापूर महामार्गावर ढाब्यापाशी थांबल्यानंतर मोटार 'रेडी' होईना, तर घाबरून जाऊ नये. किल्लीच्या आत साधी धातूची किल्ली दडलेली असते; तिने चालकाचे दार उघडते. डिकी विजेच्या कुलपामुळे उघडत नसली तरी प्रियससारख्या मोटारीत जंप स्टार्टसाठी बॉनेटखालील फ्यूजच्या पेटीत, लाल झाकणाखाली धन टोक दिलेले असते. दुसऱ्या मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून लाल केबल आधी या टोकाला, मग दुसऱ्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल दुसऱ्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी आपल्या मोटारीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला जोडावी. काही मिनिटांनी मोटार 'रेडी' करून केबल उलट क्रमाने काढाव्यात. ट्रकची चोवीस व्होल्टची जोडणी कधीही घेऊ नये.

धन-ऋण यांची अदलाबदल झाली, तर बॅटरीपेक्षा कितीतरी महाग असलेला कन्व्हर्टर किंवा एखादा संगणक जळू शकतो. म्हणून घाईत, अंधारात, अंदाजाने केबल लावू नयेत. आपल्या हायब्रिडच्या छोट्या बॅटरीवरून दुसऱ्याची मोठी मोटार सुरू करून देण्याची सौजन्यशील चूकही टाळावी. ही बॅटरी स्टार्टरचा जबर प्रवाह देण्यासाठी बनवलेलीच नाही.

आणखी एक इशारा येथे द्यायलाच हवा. वरील सर्व तपासण्या फक्त बारा व्होल्टच्या भागापुरत्या आहेत. नारिंगी रंगाच्या जाड केबल उच्च दाबाच्या असतात. प्रियस व कॅम्रीमध्ये इन्व्हर्टर हा दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. तो प्राणघातक आहे. त्या केबलना, त्यांच्या जोडण्यांना किंवा मोठ्या बॅटरीच्या कवचाला प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही हात लावू नये.

नवी बॅटरी घेताना

बॅटरी बदलण्याचे निश्चित झाल्यावर स्वस्तातली, पाणी भरायची साधी बॅटरी डिकीत बसवण्याचा मोह आवरावा. चार्ज होताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन आणि आम्लाची वाफ थेट प्रवासी कक्षात येऊ शकते. डिकीतील बॅटरी एजीएम प्रकारचीच असावी आणि तिची वायू बाहेर नेणारी नळी आठवणीने जोडावी. आकार, टर्मिनलची जाडी आणि धन टोक कोणत्या बाजूला आहे, हे जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे. चार्जर वापरायचा असल्यास एजीएमसाठी योग्य असा घ्यावा. साध्या चार्जरचा अनियंत्रित दाब सीलबंद बॅटरी सुकवून टाकतो. बिलावर तारीख आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. उष्ण प्रदेशात तीन वर्षांनंतर दर उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा भाराची चाचणी करून घेणे हितावह.

मारुतीच्या सियाझसारख्या 'माइल्ड हायब्रिड' मोटारींची रचना वेगळी आहे. २०१५ च्या सियाझमध्ये उच्च दाबाची बॅटरी नसून बारा व्होल्टचीच यंत्रणा इंजिनाला हातभार लावते. २०१८ पासूनच्या पेट्रोल मॉडेलमध्ये जोडीला छोटी लिथियम-आयन बॅटरी आली. या मोटारींत वरील आकडे उपयोगी पडतील, निष्कर्ष मात्र त्यांच्या पुस्तिकेनुसारच काढावेत.

जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हाती देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. उघड्यावर वितळवलेल्या शिशाची बाधा आधी आसपासच्या मुलांना होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था उत्पादकांवर सोपवली आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच जमा करावी. बहुतेक ठिकाणी त्याबदल्यात किमतीत सवलतही मिळते.

थोडक्यात, हायब्रिड मोटार अडली आणि कोणी मोठी बॅटरी बदलण्याचा खर्च सांगितला, तर होकार देण्यापूर्वी चार आकडे लिहून मागावेत : विश्रांतीचा दाब, भाराखालचा दाब, 'रेडी' स्थितीतील दाब आणि बंद मोटारीतील गळती. हे चारही आकडे निर्दोष असूनही तक्रार कायम राहिली, तरच मोठ्या बॅटरीच्या तपासणीकडे वळावे.